इवल्या माशीचे मोठे काम



या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. तेथे आज एका युनियनवाल्याने किड्यांवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते कामगारांच्या तक्रारी समजून घेण्यासाठी. हा विषयही तसाच आमच्याकडे चालून आला.

काही वर्षांपूर्वी एक बाई युनियनच्या कचेरीत आल्या. दोन वाक्ये बोलल्या की धाप लागे. 'ताई, काम काय करता?' असे विचारले. त्या म्हणाल्या, 'भाऊ, आम्ही पाकोळ्या धरतो.' आम्हाला आधी हसूच आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो, आणि हसू जिरले.

उसाची खोडकीड आपल्यातल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. तिचा पतंग पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालतो. अळी निघते, कोंबात शिरते आणि आतला गाभा खाते. मधला पोंगा वाळतो, ओढला की सहज हाती येतो. अळी एकदा आत शिरली की वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून तिला अंड्यातच गाठावे लागते.

हे काम ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या जातकुळीतली माशी करते. ती एक मिलिमीटरहूनही लहान. माणसाला चावत नाही. पतंगाच्या अंड्यात ती आपले अंडे घालते. तिचे पिल्लू ते अंडे आतून खाते. अळीऐवजी बाहेर पडते ती नवी माशी. १९२० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात फ्लँडर्स या शास्त्रज्ञाने धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर या माशा मोठ्या प्रमाणात वाढवण्याची रीत बसवली. आज आपल्याकडे त्यासाठी कोरसायरा हा तांदळातला पतंग वापरतात.

रीत अशी. ज्वारीच्या किंवा मक्याच्या भरड्यात कोरसायराची अंडी टाकून पेट्या झाकून ठेवायच्या. सुमारे चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात. ते रोज सकाळी धरून जाळीच्या भांड्यात सोडायचे. त्यांची अंडी चाळून स्वच्छ करायची, अतिनील दिव्याखाली ठेवून मारायची आणि डिंकाने कार्डावर चिकटवायची. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी बसतात. मग त्यांवर माशा सोडायच्या. तीन-चार दिवसांत अंडी काळी पडली की काम साधले. आठवड्याभरात माशा बाहेर पडतात. त्याच्या आत कार्डाचे तुकडे करून उसाच्या पानांखाली लावायला हवेत. एक दिवस चुकला तर माशा डब्यातच मरतात. शेजारी विषारी फवारणी झाली तरी मरतात.

आता बाईंच्या धापेकडे येऊ. त्या खोलीत खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात रुपेरी धूळ तरंगत होती. ती धूळ नव्हे. पतंगांच्या पंखांवरचे ते बारीक खवले. श्वासावाटे छातीत जातात. शिंका, खोकला, दमा यांना निमित्त होतात. हे शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, पुस्तकांत लिहिलेले आहे. त्या खोलीत मात्र पाच बाया तोंडाला पदर लावून रोजंदारीवर काम करीत होत्या.

आमच्यातले काही तरुण म्हणाले, 'बंद पाडा ही प्रयोगशाळा.' आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. पण २०१७ सालचे यवतमाळ आम्ही विसरलो नव्हतो. त्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप पाठीवर घेणारा मजूर आमचाच, आणि पाकोळ्या धरणारी बाईही आमचीच. एकाची छाती वाचवायला दुसरीची द्यायची, हा हिशेब आम्हाला मान्य नव्हता. प्रयोगशाळा बंद झाली असती तर बायांची मजुरी गेली असती आणि मजुराच्या पाठीवर पंप पुन्हा चढला असता.

म्हणून मागणी वेगळी केली. चांगल्या मुखपट्ट्या द्या, हवा बाहेर ओढणारा पंखा बसवा, पतंग हाताने न धरता नळीने ओढून घ्या, एकीलाच रोज त्या खोलीत ठेवू नका, आणि वर्षातून एकदा छाती तपासा. सात महिने बैठका झाल्या. मुखपट्ट्या मिळाल्या, पंखा बसला, पाळ्या लागल्या. तपासणीचे आश्वासन अजून कागदावर आहे. त्या बाईंना आम्ही अंडी मोजण्याच्या खोलीत बदली मिळवून दिली. धाप कमी झाली, पूर्ण गेली नाही.

या माशीने सगळी कीड संपते असे आम्ही म्हणत नाही. ती फक्त अंड्यावर चालते. कार्डे वेळेवर आणि पुन्हापुन्हा लावावी लागतात. पण ती चालते ती कोणाच्या तरी हातांमुळे. आपल्यात कारखान्यांचे सभासद आहेत, संचालकही असतील. पुढच्या सभेत कार्डाची किंमत ठरेल, तेव्हा मुखपट्टीचा आणि छातीच्या तपासणीचा खर्च तिच्यात धरलेला आहे का, एवढे विचारा. कार्ड थोडे महाग पडेल. तेवढे पडू द्या.