पटासाठी रोजचा अर्धा तास

आजचा विषय आहे बुद्धिबळ. हा विषय ऐकून रेडिओ बंद करू नका, कारण तो आम्ही मनाने काढलेला नाही. गटांच्या बैठकीत आयाच विचारतात, "आमची पोर शाळेत सगळ्यांना हरवते. तालुक्याला गेली की पहिले दोन डाव हरून रडत येते. असं का होतं?" अशा आयांसाठी आज बोलायचे आहे.

खेळणे वेगळे आणि खेळाचा अभ्यास वेगळा. शाळेत मुलगी रोज त्याच चार मैत्रिणींशी खेळते. त्या ज्या चुका करतात त्यावर ती जिंकते आणि तिच्या स्वतःच्या चुका तशाच राहतात. समोर अभ्यास केलेली मुलगी आली की त्याच चुका तिला भोवतात. म्हणजे पोर कमी पडत नाही, तिला अभ्यासाची घडी बसवून मिळालेली नसते.

"पण मुलींना यात पुढे काय?" असेही कोणी विचारेल. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी याही राष्ट्रीय विजेत्या झाल्या. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या या मुली. १९७६ साली १३ वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी जागतिक महासंघाच्या अध्यक्षांनीच सांगितले, की बाई म्हणून कोणाला अडवता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. म्हणजे वाट मोकळी झालेली आहे. त्या वाटेवर रोज चालायचे कसे, तेवढे आता पाहू.

आधी नियम नीट करून घ्या. पारावर जुन्या पद्धतीने खेळतात, तिथे प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. स्पर्धेत ते पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते. दुसरे, स्पर्धेत ज्या सोंगटीला हात लावला ती चालवावीच लागते. घरी "थांब, थांब, परत घेते" अशी सवय लागलेली मुलगी तिथे फसते. म्हणून घरच्या डावातही चाल परत द्यायची नाही, मग समोर आजोबा असोत की धाकटा भाऊ.

आता आठवड्याची आखणी. सोमवार ते शुक्रवार रोज अर्धा तास. पहिली दहा मिनिटे कोडी सोडवायची. पटावर सोंगट्या मांडलेल्या असतात आणि एका किंवा दोन चालींत मात करायची असते. अशी कोडी पुस्तकांत असतात, फोनवर 'लिचेस' या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि तिथे जाहिराती नाहीत. वीस कोडी निवडा आणि आठवडाभर तीच सोडवा. सोमवारी जे कोडे पाच मिनिटे घेते, ते शुक्रवारी पाहताक्षणी सुटले पाहिजे. पाढे पाठ होतात तसेच हे आहे. सोंगटी हलवत बसायचे नाही, उत्तर डोक्यात पूर्ण झाल्यावरच हात उचलायचा.

पुढची पंधरा मिनिटे डावाच्या शेवटाची. पुष्कळ मुली सुरुवातीच्या चाली घोकतात आणि जिंकत आलेला डाव शेवटी घालवतात. समोर एकटा राजा उरला आहे, आपल्याकडे राजा आणि हत्ती आहे, तर मात करता आली पाहिजे. सोंगटी मारली गेली नाही, प्यादे हलले नाही आणि अशा दोघांच्या ५० चाली झाल्या, तर समोरचा बरोबरी मागू शकतो. वजीर हाताशी असताना तर आणखी जपावे लागते. समोरच्या राजाला शह नाही, पण त्याला हलायला एकही घर उरले नाही, तर डाव बरोबरीत सुटतो आणि हातातला विजय जातो. या दोन माता आधी पक्क्या करा. त्यानंतर राजाच्या मदतीने प्यादे शेवटच्या घरापर्यंत नेऊन त्याचा वजीर करायला शिका.

सुरुवातीसाठी फार पाठांतर नको. मधल्या घरांत प्यादी आणा, घोडे आणि उंट लवकर बाहेर काढा, राजाला किल्लेकोटात सुरक्षित बसवा. पहिले वर्षभर एवढे पुरते.

उरलेली पाच मिनिटे वहीची. ही वही सगळ्यात मोलाची आहे. शनिवारी एक पूर्ण डाव खेळायचा, दोघींना अर्धा-अर्धा तास देऊन आणि प्रत्येक चाल लिहून. मोठ्या वेळेच्या स्पर्धेत चाली लिहिणे सक्तीचेच असते, म्हणून हाताला आधीच सवय हवी. रविवारी तो डाव पुन्हा मांडायचा. डाव कुठे फिरला ते आधी स्वतः शोधायचे. फोनला शेवटी विचारायचे, कारण फोन बरोबर चाल दाखवतो, पण त्या घडीला आपल्या मनात काय होते ते त्याला माहीत नसते. मग वहीत एकच ओळ लिहायची: सोंगटी फुकट गेली, शह दिसला नाही, वेळ संपला, की घाईने चाल केली. महिन्याच्या शेवटी मोजा. जी ओळ सगळ्यात जास्त वेळा आली, तोच पुढच्या महिन्याचा अभ्यास.

तीन-तीन मिनिटांचे डाव फोनवर तासभर खेळणे हा अभ्यास नाही. ती गंमत आहे. कधीतरी करावी, पण अर्ध्या तासात धरू नये.

आता खरी अडचण. हा अर्धा तास मुलीला मिळतो का? भाऊ पट घेऊन बसला तर "खेळू दे त्याला" म्हणतो. बहीण बसली की पाणी भरायचे असते, भाकरी थापायच्या असतात. दहावी झाली की पट माळ्यावर जातो. म्हणून वेळ घड्याळाशी बांधू नका, घरातल्या रोजच्या कामाशी बांधा. दूध घालून आल्यावर, नाहीतर रात्रीची भांडी झाल्यावर. आणि ती भांडी भावाने घासली तर अर्ध्या तासाचा पाऊण तास होईल. सुगीत, लग्नसराईत, परीक्षेत दहाच मिनिटे बसू दे, पण रोजचा खंड पडू देऊ नका. गटात आपण दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतो, वर्षाची एकदम आणत नाही. इथेही सुट्टीत पाच तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही.

"आम्हाला तर घोडा कसा चालतो तेही कळत नाही," असे काही आया म्हणतात. हरकत नाही. रविवारी वही उघडून विचारा, "या आठवड्यात डाव कुठे फिरला? मला सांग." मुलीला समजावून सांगावे लागले की तिचेच डोके स्वच्छ होते. महिनाभरात तुम्हालाही घोडा चालवता येऊ लागेल.

आणि तुम्ही का नाही खेळायचे? बातुमीला दिव्यासमोर अंतिम फेरीत कोण होते? आंध्रच्या कोनेरू हंपी, वय ३८, दिव्याच्या दुप्पट. २००२ साली १५व्या वर्षी त्या ग्रँडमास्टर झाल्या. २०१७ मध्ये मुलगी झाली, काही काळ खेळ थांबला. परत आल्या आणि २०१९ मध्ये जलद बुद्धिबळाच्या विश्वविजेत्या झाल्या. २०२४ मध्ये पुन्हा झाल्या. लेकुरवाळी बाई पटावर बसू शकते, याला आणखी पुरावा कशाला?

येत्या बैठकीला प्रत्येक गटाने एक पट आणि एक शंभर पानी वही आणावी. वहीच्या पहिल्या पानावर मुलीचे नाव आणि तिची ठरलेली वेळ लिहा. त्याखाली त्या वेळेत तिचे काम घरातले कोण करणार, त्याचेही नाव लिहा. ते नाव लिहिल्याशिवाय वही सुरू करायची नाही.