बांधणीच्या मागे राहणाऱ्या खुणा



आपल्या हुबळीत बेंगेरी येथे खादीचा राष्ट्रध्वज तयार होतो. भारतीय मानक ब्यूरोने घालून दिलेल्या कसोट्यांना उतरल्यावाचून तो बाहेर पडत नाही. तेथील दोष हाताला लागतात, डोळ्यांना दिसतात. संगणकाच्या आज्ञावलीचे तसे नाही.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त प्रणालीत हजारो पॅकेजे आहेत. मूळ मजकुरापासून ती यंत्राकरवी बांधली जातात. बांधणी चालू असता आपल्या आवाराबाहेर काही लिहू नये, इंटरनेटकडे धाव घेऊ नये, असा तेथला नियम. नियम लिहिला म्हणजे पाळला जातोच असे नव्हे, हे शिक्षकांना मी काय सांगावे! तेव्हा पहाराही यंत्राकडेच सोपविला गेला. लार्स विर्झेनियस यांनी २००५ साली लिहिलेले ‘पायुपार्ट्स’ हे साधन स्वच्छ, बंदिस्त जागेत पॅकेज बसवते, काढून टाकते आणि आधीची व नंतरची फायलींची यादी ताडून पाहते. मागे काही उरले, की त्याची नोंद होते.

२०१३ पासून याहून कठीण कसोटी आली. एकच पॅकेज दोनदा बांधावयाचे. दुसऱ्या खेपेस घड्याळ, कालक्षेत्र, भाषा, यंत्राचे नाव मुद्दाम बदलावयाचे. दोन्ही प्रती अक्षरशः एक निघाल्या पाहिजेत. जागतिक प्रमाणवेळेनुसार सायंकाळी सात वाजता धारवाडात पुढच्या दिवसाचे साडेबारा झालेले असतात. बांधणीची तारीख पॅकेजात शिरली, तर आपली प्रत लंडनच्या प्रतीहून निराळी. फरक क्षुल्लक खरा. पण अशा निरुपद्रवी फरकांच्या गर्दीतच हेतुपुरस्सर केलेला फरक लपतो.

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या आकुंचनाच्या साधनात चोरवाट सापडली. डेबियन वा रेडहॅट पद्धतीचे पॅकेज बांधले जात असेल, तरच ती आत शिरे. आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, आणि त्यांनी माग काढला. दोनदा बांधूनही ती सापडली नसती. दोन्ही खेपेस तोच दूषित मजकूर बांधला गेला असता. बांधणीस फितविणारा तुकडा सर्वांना खुल्या असलेल्या संग्रहात नव्हता, प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात होता. ही दोन्ही शेजारी ठेवून ताडण्याची सार्वत्रिक रूढी तेव्हा नव्हती.