कचऱ्याचा डोंगर का ढासळतो?



फिलिपाईन्स देशातील केसोन सिटीत पायातास नावाचे कचऱ्याचे मोठे आगर होते. त्याच्या पायथ्याशी कचरा वेचून पोट भरणाऱ्या कुटुंबांची वस्ती होती. त्या वस्तीचे नाव 'लुपांग पांगाको', म्हणजे वचन दिलेली भूमी! १० जुलै २००० रोजी, अनेक दिवसांच्या पावसानंतर, तो डोंगर या वचनावर कोसळला. दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

अशा प्रसंगी दैवाला बोल लावणे सोपे असते. पण कार्य आहे तेथे कारण असलेच पाहिजे. कचऱ्यातील चिंध्या, दोऱ्या व प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत गुंतून ढिगाला धरून ठेवतात. म्हणून मातीचा टिकणार नाही इतका उभा उतार कचऱ्याचा टिकतो, आणि पाहणारा फसतो. पाऊस आत मुरला की ढिगाचे वजन वाढते. निचऱ्याला वाट नसेल तर तुंबलेले पाणी आतून दाब देते व थरांची परस्परांवरील पकड सुटते. कुजण्यातून निघणारा वायू कोंडला तर तोही तेच करतो.

इंडोनेशियात बांडुंगजवळ ल्युविगाजाह येथे २१ फेब्रुवारी २००५ रोजी असाच ढीग घसरून १४० हून अधिक माणसे मेली. तेथे पाण्याच्या दाबाबरोबर आणखी एक कारण तपासात दाखविण्यात आले. आत धुमसणाऱ्या आगीने ढिगाला धरून ठेवणारे प्लास्टिकच नष्ट केले होते! मुंबईत २०१६ साली देवनारचा कचरा पेटला, तेव्हा आपण धुराचीच चर्चा केली.

तुमचे घर अशा ढिगाला लागून असेल तर पावसाळ्यात त्याच्याकडे डोळे उघडून पाहा. माथ्यावर लांब भेगा पडल्या, पायथा फुगला, किंवा उतारातून काळे पाणी नव्याने झिरपू लागले, तर मुलाबाळांना घेऊन त्याच दिवशी दूर जा. मग नगरपालिकेकडे लेखी मागणी करा: उतार कमी करा, पायऱ्या पाडा, पाण्याला व वायूला वाट द्या, आणि आम्हाला राहण्यास दुसरी जागा द्या. ही शेवटची मागणी सोडू नका. अभियंता उतार मोजतो. माणसे त्याखाली का राहतात, हे त्याच्या मोजमापात येत नाही.

पायातासनंतर जानेवारी २००१ मध्ये फिलिपाईन्सने उघडी कचरा-आगारे बंद करण्याचा कायदा केला. पायातासला कचरा जाणे थांबण्यास मात्र २०१७ साल उजाडावे लागले.