सूत, संघटना आणि सलोखा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. मटेरियल सायन्स, संघटनांचे व्यवस्थापन आणि संघर्षानंतरची शांतता ही विद्यापीठातील तीन वेगळ्या इमारतींत शिकविली जाणारी शास्त्रे. परभणीच्या कापडबाजाराचा त्यांच्याशी संबंध काय? संबंध आहे तो कापसाचा. या तिन्ही शास्त्रांतील काही पायाभूत संशोधन सुतावर, मागाच्या खात्यात आणि यंत्रमागांच्या गावात झालेले आहे. परभणीकरांना त्याची निकड का वाटावी, हे वेगळे सांगावयास नको. १० डिसेंबर २०२४ रोजी शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, दगडफेक व जाळपोळ झाली, धरपकड झाली आणि अटक झालेल्या एका तरुण विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या प्रकरणाचा न्यायनिवाडा न्यायालयाकडे आहे. व्याख्यानात तो करू नये. परंतु दुकानांची शटरे पुन्हा वर गेली म्हणजे गाव पूर्ववत झाले, असे समजण्याची व्यापाऱ्यांची जी सवय आहे, तिच्याविषयी बोलणे अगत्याचे आहे.

प्रथम सूत. ४० नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ४० लड्या, अर्थात ३३,६०० वार धागा, हे कापडाच्या गादीवर बसणाऱ्या जुन्या माणसास पाठ असते. हा मैलोगणती धागा ज्या तंतूंचा बनतो, त्यांची लांबी मात्र जेमतेम इंचभर. कोणत्याही ठिकाणी धागा आडवा कापला तर ऐंशी-शंभर तंतू सापडतात आणि त्यांतील एकही तंतू धाग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला नसतो. त्यांना धरून ठेवतो तो पीळ. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात, घर्षण उत्पन्न होते व ओढ बसली तरी ते निसटत नाहीत. गठाणीतही तंतू एकमेकांना चिकटूनच असतात, परंतु गठाणीला कोणी सूत म्हणत नाही. पीळ वाढवीत गेल्यास बळकटी एका मर्यादेपर्यंतच वाढते. त्यापुढे सूत कमकुवत होऊ लागते.

मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधील एफ. टी. पिअर्स यांनी १९२६ मध्ये सुताच्या बळकटीवर एक निबंध प्रसिद्ध केला. चाचणीसाठी धाग्याचा तुकडा जितका लांब घ्यावा, तितकी त्याची बळकटी कमी भरते, कारण लांब तुकड्यात कच्ची जागा सापडण्याचा संभव अधिक. धागा तुटतो तो सर्वात कच्च्या जागी. बाकीचा धागा किती मजबूत आहे, हे त्या क्षणी गैरलागू ठरते. स्वीडनच्या वाइबुल यांनी १९३९ मध्ये हाच विचार इतर द्रव्यांना लागू होईल अशा गणिती रूपात मांडला आणि आज काच, पोलाद, चिनीमाती यांची बळकटी त्या गणिताने मोजली जाते. सुताच्या एका लडीने केवढ्या मोठ्या शास्त्रास हातभार लावला, याचे नवल वाटते.

हिंदुस्थानातही हे काम त्याच सुमारास सुरू झाले. मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये कापसाची तंत्रशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. तंतूची लांबी, बारीकपणा, ताकद मोजून कोणत्या कापसापासून किती नंबरचे सूत निघेल हे तेथे ठरू लागले. निझामाच्या राज्यातील गावराणी कापसाचे नाव त्या काळी बाजारात चांगले होते. परभणीच्या महेबूब बाग येथील कापूस संशोधन केंद्र आणि १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ यांनी देशी कापसावरील काम सोडले नाही. परभणीच्या शास्त्रज्ञांनी देशी वाणांतच लांब धाग्याचे वाण निर्माण केले. पीए २५५, म्हणजे 'परभणी तुराब', हे त्यांतील एक. कोरडवाहू जमिनीत टिकणारा, रसशोषक किडींना दाद न देणारा आणि लांबीला अमेरिकन कापसाच्या पंक्तीत बसणारा असा हा कापूस. तरीही २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यानंतरच्या काळात देशी कापूस शेतातून जवळजवळ नाहीसा झाला. बियाण्याच्या बाजाराचा त्यात वाटा आहेच. पण थोडा माल वेगळा ठेवावा, वेगळा पिंजावा आणि वेगळ्या भावाने विकावा, ही व्यवस्था कोणी उभी केली नाही. प्रयोगशाळेचे काम संघटनेच्या दारात अडले.

संघटनेचे शास्त्र म्हणजे मॅनेजमेंट. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. मिल साराभाई या जैन कुटुंबाची. नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढत नव्हते. राइस यांना आढळले की, प्रत्येक कामगाराला एक-एक सुटे काम वाटून दिलेले आहे; एका खात्यात असूनही कोणाचा कोणाशी मेळ नाही. त्यांनी ठराविक मागांची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे देण्याची सूचना केली. गट कामगारांनी स्वतःच जुळविले. उत्पादन सुधारले, खराब कापड कमी झाले. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेले राइस यांचे पुस्तक व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत पुढे प्रमाण मानले गेले.

याच्या नेमका उलट अनुभव महाराष्ट्राने एकाधिकार कापूस खरेदी योजनेत घेतला. १९७२-७३ च्या हंगामात ती सुरू झाली. शेतकऱ्यास हमीभाव मिळावा हा तिचा हेतू निर्विवाद चांगला होता आणि पडत्या भावाच्या वर्षांत तिने शेतकऱ्यास तारले, हे व्यापाऱ्यांनीही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु प्रतवारी ग्रेडरच्या नजरेवर, निर्णय मुंबईत आणि चुकारे महिनोन्महिने उशिरा, अशी स्थिती झाली. बाहेर भाव चढला की कापूस रात्री सरहद्द ओलांडे. उतरला की बाहेरचा आत येई. २००२-०३ पासून खासगी खरेदीस वाट मोकळी झाली.

आता तिसरे शास्त्र, आणि सर्वांत अवघड. १९४८ पर्यंत मराठवाड्याने रझाकारांचे अत्याचार सोसले. १७ सप्टेंबर रोजी हैदराबाद संस्थान शरण आले, मुक्तीचा आनंद झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानात ठिकठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला, हेही इतिहासाचेच पान आहे. त्याची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठविले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते नऊ जिल्ह्यांत फिरले. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. त्यात एक नोंद मात्र कापडवाल्यांनी जपून ठेवावी अशी आहे. अनेक हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले आणि एकाच व्यवसायातील माणसांत हा बंधुभाव विशेष दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण करताना स्वतःचे प्राणही गमावले.

अर्धशतकानंतर अमेरिकेतील प्राध्यापक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील सहा शहरांचा तुलनात्मक अभ्यास केला. पुस्तक २००२ मध्ये आले. काही शहरांत वारंवार दंगे होतात, तशाच लोकसंख्येच्या दुसऱ्या शहरांत होत नाहीत, असे का? लहान गावात रोजची ओळखदेख पुरते. शहरात मात्र दोन्ही समाजांचे लोक एकत्र बसतात अशा संघटना, म्हणजे व्यापारी मंडळे, कामगार संघ, व्यावसायिकांच्या संस्था, अफवेला बांध घालतात, असे त्यांना आढळले. लखनौच्या चिकनकामात व्यापारी बहुतांशी हिंदू व कारागीर मुसलमान. दोघांचेही पोट एकाच धंद्यावर.

येथे एक शंका घेणे भाग आहे. देवाणघेवाण असली की भांडण होत नाही, हे व्यापाऱ्यांचे आवडते मत. भिवंडीने ते खोटे ठरविले. तेथे मागवाले आणि सूत-कापडाचे व्यापारी पिढ्यानपिढ्या एकमेकांवर अवलंबून. उधारीचे व्यवहार केवळ शब्दावर. तरी मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत भीषण दंगल झाली, न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली, आणि मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी आणि त्या भागाचा साधा पोलीस एकत्र बसत, आणि तेही नियमितपणे, काही घडलेले नसताना. बोलणे शेजाऱ्यांच्या कुरबुरींचे आणि मोहल्ल्यातील किरकोळ अडचणींचे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली. चाळीस-पन्नास किलोमीटरवरील भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे त्यावर 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हे पुस्तक लिहिले. तंतू पूर्वीही जवळ होते, पीळ नव्हता.

गावोगावच्या शांतता समित्या सणाच्या तोंडावर बसतात, चहा होतो, फोटो निघतो. त्या वाईट नाहीत. पण भिवंडीच्या समित्या त्या जातीच्या नव्हत्या. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील बाजारांत कापडाच्या एका तागामागे हमाल, शिंपी, रंगारी, टेंपोवाला, उधारी वसूल करणारा मुनीम आणि गिऱ्हाईक अशी दहा घरे उभी असतात, आणि ती दहा घरे दहा वस्त्यांतील असतात. व्यापारी संघटनांनी आपल्या सभासदांची यादी एकदा समोर ठेवावी आणि या दहांपैकी किती जण तिच्यात आहेत, ते मोजावे. नंतर कोणताही सण नसलेला एखादा महिना निवडावा आणि उरलेल्यांना बैठकीचे निमंत्रण धाडावे. पहिल्या बैठकीस विषय म्हणून हमालीचे दर पुरेसे आहेत.