भाडं घेताना घरही तपासा



घर भाड्यानं दिलंय?
मग भाडं मिळालं, की पावती द्या.
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार ती घरमालकाची जबाबदारी आहे.
रोख असो वा यूपीआय…
पुन्हा सांगते, पावती हवीच.

आता सुरक्षितता.
आधी कळवून, भाडेकरूच्या सोयीनं घर तपासायला जा.
गॅसची नळी वाकवून बघा.
भेगा दिसल्या, तर लगेच बदला.
ईएलसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, त्याचं टेस्ट बटण दाबा.
वीज खटकन गेली पाहिजे.

आणि बाथरूममधला गॅस गीझर!
खिडकी बंद असली, की कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो.
त्याला रंग नाही…
वास नाही…
अंघोळ करणारा माणूस तिथंच बेशुद्ध पडतो.
जीवही जातो.

असा गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या.
हा खर्च मालकानंच करावा, असं मला मनापासून वाटतं.