थर्मामीटरमध्ये पाराच का?

(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



मुलाच्या कपाळाला हात लावला की ताप आहे हे आपल्याला कळते; किती आहे ते कळत नाही. ते सांगणाऱ्या काचेच्या नळीत पाराच का घालतात, साधे पाणी का नाही, असे मंडळातच मला विचारण्यात आले. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

पाणी स्वयंपाकघरात कितीही गुणी असो, या कामी ते अगदी बेभरवशाचे. शून्य अंश सेल्सिअसला ते गोठते. शून्यापासून चार अंशांपर्यंत तापवले तर फुगायचे सोडून चक्क आकसते! शिवाय काचेला चिकटते. मद्यार्कही काचेला चिकटतो आणि ७८ अंशांना उकळतो. पारा मात्र उणे ३९ अंशांच्या सुमारास गोठतो, ३५७ च्या सुमारास उकळतो आणि मधल्या टप्प्यात जवळजवळ सारख्या प्रमाणात फुगतो. चकचकीत असल्याने दिसतोही. फॅरनहाइटने १७१४ साली पाऱ्याचा तापमापक केला तो याच गुणांवर.

हे फुगणे तरी केवढे? अंशामागे साडेपाच हजारांत एक भाग! एवढीशी वाढ डोळ्यांना दिसावी म्हणून खाली पाऱ्याची कुपी आणि वर केसासारखी बारीक वाट. पारा तापतोही लवकर. वजनास वजन घेतले तर पाण्याच्या तिसाव्या हिश्शाइतकी उष्णता त्याला पुरते. तरीही एके काळी फूटभर लांबीची नळी वीस मिनिटे धरावी लागे. ऑलबट या इंग्रज डॉक्टरांनी १८६० नंतरच्या दशकात सहा इंचांची नळी केली, तिचे काम पाच मिनिटांत होई. किरकिरणाऱ्या मुलाच्या काखेत ती धरणाऱ्या आईला हा फरक केवढा, ते मी सांगायला नको.

खरी खुबी कुपीच्या गळ्याशी आहे. तिथे वाट मुद्दाम अरुंद केलेली असते. नळी काढली की पाऱ्याचा धागा तिथे तुटतो आणि वरचा पारा होता तिथेच राहतो. म्हणून तर खिडकीशी नेऊन सावकाश आकडा वाचता येतो आणि मग झटकावे लागते.

हा गुणी पारा विषारी आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. थर्मामीटर कढत पाण्यात धुऊ नये. फुगलेल्या पाऱ्याला जागा उरत नाही व कुपी फुटते. फुटलाच तर केरसुणी मुळीच फिरवू नका. थेंब आणखी बारीक होतात आणि त्यांची न दिसणारी वाफ श्वासात जाते. मुलांना बाहेर न्यावे, खिडक्या उघडाव्यात आणि, हे खास आपल्यासाठी, सोन्याच्या बांगड्या-अंगठ्या आधी उतरवाव्यात. पारा लागला की सोने पांढरे पडते. मग हातमोजे घालून, पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. मोरीत ओतू नयेत.

जपानात मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याचे संयुग माशांवाटे माणसांच्या पोटात गेले. त्या रोगाची पहिली नोंद १९५६ सालची. त्या गावाच्या नावाने २०१३ साली झालेल्या करारात पाऱ्याचे थर्मामीटर बनवणे थांबवायचे ठरले आणि २०१८ साली भारतानेही तो करार मान्य केला. दुकानदार आता बॅटरीचा थर्मामीटर पुढे करतो तो यामुळे. तो खुशाल घ्यावा. जुना घरात असेल तर केरात टाकू नका. घरगुती घातक कचरा म्हणून पालिकेकडे वेगळा द्यावा आणि देईपर्यंत मुलांच्या हाती लागणार नाही असा डब्यात, कापसात गुंडाळून ठेवावा.