आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

मी पडलो कॉम्प्युटरवाला. हिशेब जुळला की खूश. कॅलिफोर्नियाचा कार्बन-बाजार २०१३ पासून असाच जुळतो: एकूण उत्सर्जनाला मर्यादा, ती दरवर्षी थोडी खाली, आणि तिच्या आत कारखान्यांनी परवाने घ्यायचे-विकायचे. थोडा वाटा दूरचं जंगल राखणाऱ्याला पैसे देऊनही भागतो. कार्बन डायऑक्साइड कुठेही घटला तरी पृथ्वीला सारखंच!

पण त्याच्यासोबत निघणारे बारीक कण? ते रिचमंडच्या रिफायनरीशेजारच्या पोरांच्याच छातीत जातात. परवाना घेतल्यानं दमा थांबत नाही. म्हणून तिथले कार्यकर्ते म्हणतात, धूर निघतो तिथेच कमी करा.

२०२५ च्या कायद्यानं हा बाजार २०४५ पर्यंत वाढलाय. हिशेब जुळतोय, पण कोणाच्या जिवावर, हे आपण विचारायला नको का?